परीक्षा पास नाही तर डिप्लोमा नाही: ब्रिन मॉर स्कूलचा जुना नियम बरोबर होता का?

(ही टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

उंबरठा

अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर स्कूल या मुलींच्या खाजगी शाळेबद्दल इथल्या आपल्या मराठी लोकांत नेहमी एकच प्रश्न विचारला जातो: मुलीला नववीला घातली तर एवढी फी वसूल होते का? मला त्याच्या मागचा प्रश्न मांडायचा आहे. ‘कॉलेजची तयारी करून घेणारी शाळा’ (प्रेप) म्हणजे नेमकं काय, आणि ती तयारी झाली हे ठरवायचं कुणी?

ही शाळा १८८५ची. एम. केरी थॉमस, मेरी गॅरेट, मेमी ग्विन, एलिझाबेथ किंग आणि ज्युलिया रॉजर्स या पाच मैत्रिणींनी काढलेली. थॉमसला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पुरुषांबरोबर वर्गात बसू दिलं नाही, म्हणून तिनं युरोप गाठलं आणि १८८२ मध्ये झुरिकहून डॉक्टरेट घेऊन ती परतली. गॅरेट ही बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या अध्यक्षांची मुलगी, पैसा तिचा. या पाचजणींनी नियम केला की ब्रिन मॉर कॉलेज या त्याच नावाच्या मुलींच्या कॉलेजची प्रवेशपरीक्षा पास झाल्याशिवाय कुणालाही शाळेचा डिप्लोमा मिळणार नाही. मुलीला त्या कॉलेजात जायचं असो वा नसो.

त्यामागचं कारण समजून घ्या. व्हासार हे मुलींचं कॉलेज १८६५ मध्ये उघडलं तेव्हा कॉलेजच्या तोडीच्या मुली पुरेशा मिळेनात, म्हणून त्यांना आपल्याच आवारात तयारीचा विभाग चालवावा लागला. तो १८८८ पर्यंत चालला. वेलस्ली कॉलेजचंही तेच झालं. स्मिथ कॉलेजनं १८७५ मध्ये असा विभाग ठेवायचा नाही असं ठरवलं, तर पहिल्या वर्षी अवघ्या १४ मुली आल्या. ‘यंग लेडीज’साठीच्या शाळा गावोगाव होत्या, त्यात फ्रेंच संभाषण, चित्रकला, पियानो असे. शेवटी प्रमाणपत्रही मिळे, फक्त ते घेऊन कुठे जाता येत नसे. या नियमामुळे मुलगी तयार झाली की नाही हे शाळेच्या हातात राहिलं नाही. प्रश्नपत्रिका बाहेरची, तपासणारे बाहेरचे.

आज काय आहे? २०१८ मध्ये वॉशिंग्टन भागातल्या आठ खाजगी शाळांनी एपी अभ्यासक्रम (कॉलेजच्या पातळीचे, ज्यांची परीक्षा शाळेबाहेरची संस्था घेते) टप्प्याटप्प्यानं बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यात नॅशनल कॅथीड्रल स्कूल आणि होल्टन-आर्म्स या मुलींच्या दोन जुन्या शाळाही होत्या. त्यांची कारणं मी वाचली आहेत, काही पटतातही. पण त्यानंतर राहतात फक्त शाळेनं दिलेले गुण आणि शाळेनंच लिहिलेली शिफारस. माझं म्हणणं सरळ आहे: जी शाळा स्वतःला प्रेप म्हणवते, तिनं आपल्या मुलींना निदान एका अशा परीक्षेला बसवावं, जी तिनं स्वतः काढलेली नाही.

शिसपेन्सिल

इतिहास बरोबर दिलात, निष्कर्ष पटला नाही. ती परीक्षा ‘बाहेरची’ होती हे अर्धसत्य आहे. थॉमस तेव्हा ब्रिन मॉर कॉलेजची डीन होती आणि १८९४ पासून १९२२ पर्यंत अध्यक्ष. शाळा आणि परीक्षा, दोन्हींच्या वरच्या टोकाला तीच बाई. म्हणजे एका कॉलेजला हव्या तशा मुली घडवणारी ही शाळा होती. परीक्षेत लॅटिन, गणित, इंग्रजी, इतिहास, थोडं विज्ञान, आणि वर ग्रीक-फ्रेंच-जर्मनपैकी भाषा. जिची भूमिती पक्की पण लॅटिन गद्य कच्चं, तिचं काय? सात-आठ वर्षं शिकून ती डिप्लोमाशिवाय बाहेर पडणार. याला मी तयारी म्हणणार नाही, ही चाळणी आहे.

दुसरा रस्ता तेव्हाही उपलब्ध होता. मिशिगन विद्यापीठानं १८७१ मध्ये सुरू केलेली प्रमाणपत्र-पद्धत: प्राध्यापकांनी शाळा तपासायची, शाळा पसंत पडली की मुख्याध्यापकांच्या प्रमाणपत्रावर प्रवेश द्यायचा. व्हासार, स्मिथ, वेलस्ली या सगळ्यांनी ती स्वीकारली. तिथल्या मुली काही कच्च्या निघाल्या नाहीत.

आणि थॉमसबाईंचं नाव घेताना वंश आणि धर्म यांवरून भेद करणारी त्यांची मतंही लक्षात ठेवा. कॉलेजनं ग्रंथालयाच्या इमारतीवरचं त्यांचं नाव उगीच काढलेलं नाही. कुणी आत यायचं हे ठरवणारी व्यक्ती अशी असेल, तर परीक्षा कितीही निःपक्ष असली तरी त्या परीक्षेपर्यंत पोचणाऱ्या मुली आधीच निवडलेल्या असतात.

दोरीउडी

दोघांनीही व्यायामशाळा विसरली. कॅथीड्रल स्ट्रीटवर गॅरेटनं स्वतःच्या पैशानं शाळेची इमारत बांधून दिली, त्यात सार्जंट पद्धतीची उपकरणं असलेला जिम्नॅशियम होता. हार्वर्डच्या डडली सार्जंट यांची ही पद्धत म्हणजे कप्पीवरून दोरीनं ओढायची वजनं. प्रत्येक मुलीची छाती, दंड, श्वासाची क्षमता मोजायची आणि तिच्या मापाप्रमाणे वजन लावायचं. १८९० मध्ये त्यासाठी शाळेनं डॉ. केट कॅम्पबेल हर्ड यांना वैद्यकीय संचालक म्हणून आणलं. शाळेत पगारी स्त्री-डॉक्टर, १८९० मध्ये!

हे हौसेखातर नव्हतं. बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांनी १८७३ मध्ये पुस्तक लिहून ठासून सांगितलं होतं की मुलींनी मुलांसारखा अभ्यास केला तर रक्त मेंदूकडे जातं आणि गर्भाशय कमकुवत होतं. घराघरांत ती भीती बसली होती. तिला उत्तर द्यायचं तर दोन नोंदी हव्यात: मुलगी परीक्षा पास झाली, आणि वर्षभरात तिची तब्येत ढासळली नाही, सुधारली. परीक्षेचा नियम आणि मापांची वही ही एकाच उत्तराची दोन अंगं आहेत.

आपल्याकडे त्याच सुमारास, १८८४ मध्ये, रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक यांनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं. तीच हुजूरपागा. टिळकांच्या ‘मराठा’नं तिच्या अभ्यासक्रमावर आणि दिवसभराच्या वेळापत्रकावर टीका केली. आक्षेप तिथेही तोच होता: मुलींना मुलांचाच अभ्यास कशाला, इतके तास कशाला. ज्यांना रोज असं ऐकून घ्यावं लागत होतं, त्यांना बाहेरच्या परीक्षेचा आधार का वाटला हे मला समजतं.

उंबरठा

शिसपेन्सिल, चाळणी म्हणालात त्यावर एक गोष्ट समोर ठेवते. या पाचपैकी चौघी पुढे जॉन्स हॉपकिन्सच्या वैद्यकीय महाविद्यालयासाठी पैसे उभे करायला पुढे आल्या. विद्यापीठाकडे इमारत होती, शिकवायला पैसे नव्हते. १८९२ च्या शेवटी गॅरेटनं उरलेली ३,०६,९७७ डॉलरची रक्कम भरून पाच लाख पुरे केले. तिची पहिली अट, स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीनं प्रवेश. दुसरी अट लोक विसरतात: प्रवेशासाठी पदवी हवी, विज्ञानाचा पाया हवा, फ्रेंच-जर्मन वाचता यायला हवं, आणि हे सगळ्यांना लागू. तेव्हा अमेरिकेत बहुतेक वैद्यकीय शाळांत फी भरली की प्रवेश मिळे. १८९३ च्या पहिल्या तुकडीत १८ जणांत तीन स्त्रिया होत्या.

म्हणजे मुलींसाठी दार किलकिलं करा, असं या बायका म्हणत नव्हत्या. अट चढी ठेवा, पण सगळ्यांना एकच ठेवा, असं म्हणत होत्या. शाळेचा नियम त्याच विचारातून आलेला आहे. थॉमसबाईंच्या वंशविचारांचं समर्थन मी करत नाही, कुणीच करू नये. पण गुणपत्रिकेवर नाव बघून सूट किंवा दंड देता येत नाही, हा परीक्षेचा गुण त्यांच्या मतांमुळे खोटा ठरत नाही.

त्रिज्या

तुमची चर्चा १९०० च्या आसपास अडकली आहे. आज नववीत बाहेरून येणाऱ्या मुलीचं नुकसान डिप्लोमाच्या नियमानं होत नाही, गणिताच्या प्लेसमेंटनं, म्हणजे तिला कुठल्या पायरीच्या वर्गात बसवायचं या निर्णयानं, होतं. आपल्या पालकांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते, म्हणून सविस्तर लिहिते.

सरळ क्रम असा: आठवीत अल्जिब्रा वन, नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस, बारावीत कॅल्क्युलस. यातली एक पायरी मागे गेली की बारावीत कॅल्क्युलस नाही. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर हे जड जातं. सार्वजनिक शाळेत आठवीत अल्जिब्रा वनला ए मिळालेली मुलगी प्रेप शाळेत येते, वसंतात किंवा जूनमध्ये प्लेसमेंट चाचणी देते, आणि तिला पुन्हा अल्जिब्रा वनमध्ये बसवलं जातं. पालकांना धक्का बसतो.

असं का होतं? सार्वजनिक शाळांच्या अल्जिब्रात रेषीय समीकरणं, आलेख, माहितीचे तक्ते यांवर भर असतो आणि कॅल्क्युलेटर हाताशी असतो. प्लेसमेंटमध्ये बहुधा कॅल्क्युलेटर नसतो आणि भर असतो हाताच्या कामावर: अवयव पाडणं, वर्ग पूर्ण करणं, करणींचं सुलभीकरण, बैजिक अपूर्णांक, ऋण घातांक. मुलीला संकल्पना कळलेली असते, हात बसलेला नसतो. उदाहरण घ्या, ६क्ष² − ७क्ष − ३ चे अवयव. गुणाकार −१८, बेरीज −७, म्हणून −९ आणि २. मधलं पद फोडा, (२क्ष − ३)(३क्ष + १). आपल्याकडे आठवी-नववीत ही पद्धत घोटून घेतात. इथे बऱ्याच मुली सूत्रात आकडे भरून मुळं काढतात आणि प्रत्येक गणिताला चार मिनिटं घालवतात. चाचणी अपुरी राहते.

उपाय: प्रवेश नक्की झाल्याच्या आठवड्यातच गणित विभागप्रमुखांना लिहून तीन गोष्टी विचारा. चाचणीत कुठले घटक आहेत, कॅल्क्युलेटर चालतो का, निकाल पटला नाही तर ऑगस्टमध्ये पुन्हा देता येते का. मग मार्च ते जून रोज वीस मिनिटं फक्त वरचे पाच घटक घोटा. उन्हाळ्यात जॉमेट्री करून एक वर्ष पुढे जायचा विचार असेल तर कोर्सला शाळेची आधी लेखी मंजुरी घ्या. नंतर दाखवलेला ऑनलाइन कोर्स पुष्कळदा मानत नाहीत, पैसे आणि सुट्टी दोन्ही जातात.

उंबरठा, तुमची बाहेरची परीक्षा बारावीत येते. मुलीचं भवितव्य नववीच्या ऑगस्टमध्ये ठरलेलं असतं.

बसथांबा

सगळे खाजगी शाळेचंच बोलत आहेत. बाल्टिमोर शहरात वेस्टर्न हायस्कूल आहे. मुलींचं, सार्वजनिक, १८४४ पासूनचं. देशातलं सर्वांत जुनं चालू सार्वजनिक मुलींचं हायस्कूल. ब्रिन मॉरपेक्षा ४१ वर्षांनी थोरलं. फी शून्य.

उलट बाजूला, बाल्टिमोर भागातल्या अशा खाजगी शाळांची वरच्या वर्गांची फी आता वर्षाला चाळीस हजार डॉलरच्या आसपास आहे. दर वर्षी चार टक्के वाढ धरली तर चार वर्षांचे जवळपास एक लाख सत्तर हजार. ५२९ खात्यातून (शिक्षणासाठीचं करसवलतीचं बचत खातं) शाळेच्या फीसाठी काढता येणाऱ्या रकमेची वर्षाची दहा हजारांची फेडरल मर्यादा २०२६ पासून वीस हजार झाली आहे, म्हणून काही जण खूश आहेत. पण तेच खातं कॉलेजसाठी साठवलेलं असतं. नववीत रिकामं केलं तर बारावीनंतर काय?

त्रिज्या

बसथांबा, वेस्टर्नबद्दल आदर आहेच. पण तिथे शहराचे रहिवासी आधी, आणि सातवी-आठवीचे गुण, हजेरी, चाचणी यांचा एकत्रित स्कोअर लागतो. आपली बहुतेक कुटुंबं शहराबाहेर हॉवर्ड काउंटीत, एलिकॉट सिटी-कोलंबियाकडे. त्यांच्यासाठी खरी तुलना ब्रिन मॉर आणि हॉवर्डची स्थानिक हायस्कूलं यांच्यात आहे. ती हायस्कूलं चांगली आहेत. त्यात सकाळच्या रहदारीत एका दिशेनं पाऊण तास सहज जातो. चार वर्षं, रोज दोनदा. फीच्या हिशेबाबरोबर हाही मांडा.

आकडेमोड

‘फक्त मुलींची शाळा’ याचं मोल किती, यावर पुरावा आहे. २०१४ मध्ये एक मोठं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं: २१ देश, १८४ अभ्यास, १६ लाखांवर विद्यार्थी. मुलींची शाळा आणि मिश्र शाळा यांत घरची परिस्थिती आणि आधीचे गुण सारखे करून तुलना केली, तर फरक जवळजवळ शून्य. वरवर दिसणारा फायदा हा निवडीचा असतो: अशा शाळेत मुळात कोण जातं, याचा.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. दक्षिण कोरियात सोलमध्ये १९७४ पासून हायस्कूल चिठ्ठीसारख्या पद्धतीनं वाटून मिळत होतं, पालकांची निवड नाही. तिथल्या २०१३ च्या अभ्यासात एकलिंगी शाळांतल्या मुलामुलींचे कॉलेज प्रवेशपरीक्षेतले गुण जास्त निघाले. म्हणजे वाद मिटलेला नाही. पण सोलच्या निकालावर बाल्टिमोरची फी भरू नका.

शिवाय इथे वरच्या वर्गांत ब्रिन मॉर, मुलांची गिलमन आणि मुलींची रोलंड पार्क कंट्री या तीन शेजारी शाळा कोर्स वाटून घेतात. अकरावी-बारावीत पुष्कळ वर्ग मिश्रच असतात. छोट्या शाळेला एरवी न परवडणारे विषय त्यामुळे मिळतात, हे चांगलंच. पण ‘भौतिकशास्त्राच्या वर्गात फक्त मुली असतात म्हणून मुलगी बोलती होते’ या कारणासाठी फी भरत असाल, तर तुमच्या मुलीचा नेमका तो वर्ग कुठल्या आवारात, कुणाबरोबर होणार हे आधी विचारा.

खाजगी शाळांच्या प्रवेशासाठीची आयएसईई परीक्षा देणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. नववीसाठी अप्पर लेव्हल: शब्दज्ञान ४० प्रश्न २० मिनिटं, संख्यात्मक विचार ३७ प्रश्न ३५ मिनिटं, उतारे ३६ प्रश्न ३५ मिनिटं, गणित ४७ प्रश्न ४० मिनिटं, आणि ३० मिनिटांचा निबंध, ज्याला गुण नसतात पण शाळा तो वाचते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही रिकामं सोडू नका. मुख्य म्हणजे पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या किती जणांना मागे टाकलं तो आकडा. शाळेच्या चाचणीत ९७ दिसणारी मुलगी इथे ५५ वर येते आणि घरात सुतक पडतं. ही तुलना देशभरच्या मुलांशी नसते, गेल्या तीन वर्षांत खाजगी शाळांसाठी ही परीक्षा दिलेल्यांशीच असते. ४० ते ५९ म्हणजे स्टेनाइन (१ ते ९ अशी श्रेणी) ५, अगदी मधला. एका हंगामात एकदाच देता येते, ऑगस्ट–नोव्हेंबर आणि डिसेंबर–मार्च असे दोन हंगाम उपयोगाचे. अर्जाच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत असतात, म्हणून पहिला प्रयत्न ऑक्टोबरच्या आत ठेवा. नाहीतर दुसऱ्याला जागाच उरत नाही.

शिसपेन्सिल

उंबरठा, एपीबद्दल एक दुरुस्ती. शाळेनं एपी कोर्स बंद केला तरी परीक्षेचं दार बंद होत नाही. मे महिन्यात कुणीही परीक्षेला बसू शकतं, ‘फक्त परीक्षा’ अशी नोंदणी असते. अडचण एवढीच की नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत संपते आणि ती तुमच्या किंवा जवळच्या दुसऱ्या शाळेच्या समन्वयकामार्फतच करावी लागते. ती शाळा बाहेरच्यांना घेईलच असं नाही. सप्टेंबरातच फोन करायला हवा. मार्चमध्ये आठवलं तर वर्ष गेलं.

म्हणजे ज्यांना बाहेरचा पुरावा हवा त्यांना तो मिळतो. सगळ्यांवर लादायची गरज नाही. आणि शाळेच्या स्वतःच्या कागदांतूनही बरंच कळतं, वाचता यायला हवं. प्रत्येक ट्रान्सक्रिप्टबरोबर (शाळेच्या गुणांची अधिकृत नोंद) ‘स्कूल प्रोफाइल’ नावाचे दोन-चार पानी कागद कॉलेजांना जातात. प्रवेशाआधीच ते मागून घ्या, बहुतेक शाळांच्या संकेतस्थळावर असतात. त्यात बघा: गुणांचं वाटप दिलंय का (किती मुलींना ए, किती जणींना बी), वर्गातला क्रमांक देतात का, सर्वांत अवघड कोर्स कुठले म्हटलेत, आणि गेल्या तीन-चार वर्षांतल्या मुली कुठे गेल्या. यादीत नुसती कॉलेजांची नावं असतील आणि किती जणी ते नसेल, तर आकडे मागा.

उंबरठा

नोंदणीची माहिती उपयोगी आहे, मान्य. पण त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. जिचे पालक सप्टेंबरात फोन करतात तिला बाहेरचा पुरावा मिळतो, जिच्या पालकांना हे माहीतच नाही तिला नाही. मेरी गॅरेटच्या नियमात रेल्वेमालकाची मुलगी आणि कारकुनाची मुलगी एकाच प्रश्नपत्रिकेला बसत होत्या. एडिथ हॅमिल्टन १८९६ पासून १९२२ पर्यंत मुख्याध्यापिका होत्या. ग्रीक पुराणकथांवरच्या पुस्तकांमुळे पुढे जगाला माहीत झाल्या त्याच. त्यांनी सव्वीस वर्षं त्या परीक्षेसाठी मुली तयार केल्या. ऐच्छिक ठेवलेली गोष्ट जाणत्यांच्याच घरी पोचते.

शिसपेन्सिल

कारकुनाच्या मुलीला फी परवडत असेल तर. तिथे प्रश्नपत्रिकेपर्यंत पोचायचीच वानवा होती, आणि माझा पहिल्यापासूनचा आक्षेप तोच आहे. आज त्यावर नियमापेक्षा मदतनिधी जास्त काम करतो. म्हणून ज्यांना फी पूर्ण भरणं शक्य नाही त्यांनी प्रवेश-अर्जाबरोबरच आर्थिक मदतीचा अर्ज भरा, प्रवेश मिळाल्यावर नव्हे. तोवर वर्षाचा निधी वाटून झालेला असतो. गेल्या वर्षीचा टॅक्स रिटर्न, दोघांचे डब्ल्यू-टू (पगाराचा वार्षिक दाखला), घराचं कर्ज, भारतात पाठवत असलेले पैसे हे सगळं लागतं. आईवडिलांना नियमित पाठवत असाल तर ते वेगळ्या पत्रात आकड्यांसह लिहा, ठरावीक रकान्यांत त्याला जागा नसते.

आणि करारावर सही करण्याआधी एकच ओळ शोधा: कुठल्या तारखेनंतर पूर्ण वर्षाची फी देणं बंधनकारक होतं. त्या तारखेनंतर नोकरी गेली, एच-वन व्हिसा बदलला, दुसऱ्या राज्यात जावं लागलं, तरी रक्कम द्यावी लागते. फीचा विमा मिळतो, पण त्यात नोकरी जाणं बसतं की नाही ते पॉलिसीत वाचूनच घ्या.

त्रिज्या

त्या तारखेच्या आधी गणिताच्या प्लेसमेंटचा निकाल हातात येईल का, हेही गणित विभागप्रमुखांना लिहायच्या त्याच ईमेलमध्ये विचारा. बहुधा करार आधी आणि चाचणी नंतर असते. चाचणी कराराच्या आधी घ्यायची विनंती केली तर काही शाळा ऐकतात.